माझी छोटी गाडी पप्पांनी परस्पर मोठी केली

आज सकाळी मी हॅचबॅकचा रंग पक्का करायला शोरूममध्ये गेले. नाशिक-सिन्नर रोजचं जाणं-येणं. चार गाड्या चालवून पाहिल्या आणि वळणावर सगळ्यात मजा देणारी हीच निवडली होती.

सेल्समन म्हणाला, “मॅडम, बुकिंग बदललं ना! काल काकांचा फोन आला, मोठी गाडी करा म्हणाले.”

बुकिंग माझ्या नावावर, आणि मला कुणी विचारलंही नाही.

पप्पांना फोन लावला.

“अगं, तुला बघायला पाहुणे येतील, तेव्हा दारात ही डबी दाखवायची का?”

“पाहुणे एकदा येतील, पप्पा. मी रोज चालवणार आहे.”

तिथेच उभं राहून बुकिंग पूर्ववत करून घेतलं. पप्पा अजून बोलत नाहीयेत.

तुमच्यापैकी किती जणींनी स्वतःची गाडी स्वतः निवडली? खरं सांगा.