शेठ नोकर होते

शेठना शेठ हे नाव एका पांढऱ्या सदऱ्यामुळे मिळालं. स्वयंपाकघराच्या ओट्यांसाठी दगड कापायच्या शेडमध्ये, कामाच्या पहिल्या दिवशी, माणसाने कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून यावं, याला धाडस म्हणायचं की भोळेपणा? मालक गाडीतून उतरले, त्यांनी सदरा वरून खाली न्याहाळला आणि हात जोडून म्हणाले, "या शेठ, या! आज कुठला कारखाना विकत घेताय?" अख्खी शेड खो-खो हसली. संध्याकाळपर्यंत दगडाच्या धुळीने एकूण एक माणूस असा पांढराफटक झाला, की यातले शेठ कोण हे शोधावं लागलं. पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

दुसरा कोणी असता तर चिडला असता. शेठना मात्र नाव अंगाला बरोबर बसलं. ते हात मागे बांधून चालू लागले. गिऱ्हाईक आलं की "आमच्याकडे असला माल ठेवतच नाही" असं म्हणू लागले. मालक पक्के. त्यांच्या लक्षात आलं की या माणसाला नाव पुरतं. पगारवाढीचा विषय निघाला की ते शेठच्या खांद्यावर हात टाकायचे. "शेठ, तुम्हीच मागायला लागलात तर आम्ही कुणाच्या तोंडाकडे बघायचं?" शेठ फुलून परत यायचे. शेजारी दगड घासायला बसणारा पॉलिशवाला विचारायचा, "काय, वाढला का?"

"वाढला नाही. पण बोलले फार छान."

"मग आज जेवायला छान बोलणंच खाऊ," पॉलिशवाला म्हणायचा आणि आपल्या डब्यातलं अर्धं शेठच्या झाकणात काढून द्यायचा. शेठची बायको लवकर गेली होती. लेक लग्न होऊन लांबच्या शहरात. जगात शेठना टोचून बोलायचा अधिकार त्या एका पॉलिशवाल्यालाच होता आणि तो ते काम मनापासून करायचा.

शेडमध्ये पाण्याचा नळ होता. कापताना कटरवर धार सोडली की धूळ उडत नाही, चिखल होऊन खाली बसते. पण चिखल उपसायला वेळ जातो, ओल्या दगडावर आखलेली रेघ दिसत नाही, म्हणून मालकांनी नळाची चावी काढून आपल्या टेबलाच्या खणात ठेवली होती. तोंडाला रुमाल बांधायचा आणि कोरडंच कापायचं. शेठ कापायचे, पॉलिशवाला घासायचा, दोघे एकमेकांची धूळ खायचे.

पॉलिशवाला आधी गेला. दमा होता म्हणाले. शेठ त्याला स्मशानात पोचवायला म्हणून त्याच्या घरी गेले, ते शेवटचे. त्याच्या बायकोसमोर उभं राहणं त्यांना जमेना. शेवटी शेठ आपण. आपल्या शेडमधला माणूस गेला, ती काय म्हणत असेल?

मग शेठना खोकला सुरू झाला. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला, कामधंद्याची चौकशी केली आणि म्हणाले, "सिलिकोसिस. दगडाची बारीक धूळ फुप्फुसात रुतून बसलीय. ती आता निघायची नाही." शेठनी ते नाव तोंडातल्या तोंडात घोळवून पाहिलं. भारदस्त वाटलं. दमा काय, कुणालाही होतो.

पण भारदस्त आजारही एकट्यालाच काढावा लागतो. शेडमधून "शेठ, आता आराम करा" असा अगदी गोड निरोप आला, म्हणजे काम सुटलं. खोली तिसऱ्या मजल्यावर. खाली दूध आणायला उतरायचं तर परत चढण्याचा विचार आधी करावा लागे. आडवं झालं की श्वास अडके, म्हणून भिंतीला उशी लावून बसल्या बसल्या झोपायचं. शेजारीण जिन्यात दिसली की पदर नाकाला लावून भिंतीला चिकटायची. हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही, हे तिला सांगायला एका दमात जितकी हवा लागते तितकी शेठकडे नव्हती. लेकीचा फोन यायचा. खोकल्याची उबळ येते असं वाटलं की शेठ घाईघाईने म्हणायचे, "गिऱ्हाईक आलंय गं, ठेवतो." फोन ठेवून मनसोक्त खोकायचे. मग रेडिओवर बातम्या देणाऱ्याशी वाद घालत बसायचे. तो बिचारा उलट बोलत नसे, पण पॉलिशवाल्याची सर त्याला नव्हती.

डॉक्टरांनीच त्यांना एका वकीलबाईंकडे धाडलं. बाई तरुण, तडफदार आणि गरिबांच्या दाव्यांची फी न घेणाऱ्या. त्यांनी सरळ सांगितलं, "काका, रस्ते दोन. तडजोड केलीत तर मालक देतील तेवढं घ्यायचं आणि पुन्हा काही मागणार नाही असं लिहून द्यायचं. नाहीतर कामगार भरपाईचा दावा. आजार धुळीचा आहे हे डॉक्टर सांगतील. पण तुम्ही तिथे नोकर होतात, हे तुम्हाला सांगावं लागेल. मालकांचं म्हणणं, तुम्ही स्वतंत्र ठेकेदार होतात."

"असं म्हणाले?" शेठचा चेहरा उजळला. "स्वतंत्र?"

"काका, ही स्तुती नाहीये. नोकर ठरलात तर औषधपाणी आणि दरमहा काहीतरी हातात. ठेकेदार ठरलात तर नुसत्या टाळ्या."

मग बाईंनी त्यांची तालीम घ्यायला सुरुवात केली. "कामावर कधी यायचं हे कोण ठरवायचं?"

"मीच! सगळ्यांच्या आधी हजर असायचो मी."

"उशीर झाला तर?"

"अर्धा दिवस कापायचे."

"कोण?"

"मालक."

"मग ठरवायचं कोण?"

"पण कापताना फार आदराने कापायचे हो."

बाईंनी कपाळाला हात लावला. "काका, तिथे एकच वाक्य बोला. मी त्यांचा नोकर होतो. येईल ना?"

शेठ मान डोलावून घरी आले. आरशासमोर उभं राहून त्यांनी ते वाक्य म्हणून पाहिलं. नोकर या शब्दाशी गाडी अडायची. उरलं होतं काय त्यांच्याजवळ? बायको नाही, दोस्त नाही, छातीत हवा नाही. एक नाव होतं.

सुनावणीच्या दिवशी मालक स्वतः उठून पुढे आले. "या शेठ, बसा." स्वतःच्या हाताने खुर्ची सरकवली. शेठ खुर्चीत असे ऐटीत टेकले, की वकीलबाईंना धडकीच भरली.

मालकांचे वकील तर मधात बुडवून काढल्यासारखे. "शेठ, शेडमध्ये तुमच्या शब्दाला वजन होतं ना?"

"होतं."

"गिऱ्हाईकं दगड कुणाला विचारून निवडायची?"

"मलाच."

वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले.

"वा! म्हणजे कोरडं कापायचं की पाणी सोडून, हेही तुम्हीच ठरवत असणार. तुमच्या शेजारी तो पॉलिशवाला बसायचा, वारला बिचारा. तुमच्या कटरची धूळ त्याच्याच अंगावर यायची. तुम्ही मनात आणलं असतं, तर पाणी सोडता आलं असतं. शेठ तुम्ही होतात."

शेठचं तोंड सवयीने 'हो' म्हणायला उघडलं आणि तसंच राहिलं. इतकी वर्षं त्या नावाने हाक मारली की ते वळून बघत होते. त्या नावाच्या पोटात हेही बसलेलं असेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. सुनावणी घेणारे अधिकारी पेन उचलून थांबले.

"चावी त्यांच्या खणात असायची," शेठ म्हणाले.

"कसली चावी?"

"नळाची. तो खोकायला लागला तेव्हा मी मागितली होती." शेठ श्वासासाठी थांबले. "मालक म्हणाले, शेठ, पाण्यात खेळायचं वय आहे का आपलं? सगळे हसले. मीपण हसलो. चावी काही मिळाली नाही. साहेब, मी नोकर होतो. तोपण नोकर होता. चावी ज्यांच्या खणात, ते मालक."

"मग हे शेठ काय प्रकरण?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"ती थट्टा होती. मी ती जरा मनावर घेतली."

कोणी हसलं नाही. मालकांनी घड्याळात पाहिलं.

शेठ नोकर होते, असा निर्णय लागला. पुढे डॉक्टरांची समिती होती, मालकांचं अपील होतं, भरपाई अजून लांब होती. पण वकीलबाई खुशीत होत्या. "काका, तुमच्या जबाबावर पॉलिशवाल्याच्या बायकोलाही दावा लावता येईल. मुदत थोडी राहिलीय. मी जाऊन सांगू त्यांना?"

"नको," शेठ म्हणाले. "मी जातो."

ती दुसऱ्या मजल्यावर राहायची. शेठ दर वळणावर कठडा धरून उभे राहत, जिना बघायला आल्यासारखे. दार उघडलं तेव्हा त्यांना धाप लागली होती. तिने हात धरून आत घेतलं, खुर्चीत बसवलं.

"वहिनी," धाप ओसरल्यावर ते म्हणाले, "मी शेठ नव्हतो. तिथे सगळ्यांसमोर सांगून आलो. मी साधा नोकर होतो. माझ्या हातात काही नव्हतं."

तिच्या डोळ्यांत राग नव्हता. असलंच तर थोडं आश्चर्य होतं.

"अहो, ते आम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं की! हे रोज घरी येऊन तुमची नक्कल करायचे. हात मागे बांधून, अशी मान वर करून. आम्ही पोट धरधरून हसायचो." तिला आताही हसू आलं आणि मग ते थांबलं. "तुम्ही का येत नाही तेच कळेना. सारखी वाट बघायचे मी. त्यांच्याबद्दल बोलायला दुसरं आहे कोण?"

शेठना हसायचं होतं, पण खोकला आला. तिने पदर नाकाला लावला नाही. खोकला ओसरेपर्यंत ती पाण्याचा पेला धरून समोर उभी राहिली.

"कशी करायचा नक्कल?" शेठनी विचारलं.