मायावतीची प्रत

“आकडा सांगू नका जी. पहिले मले पाहू द्या,” असं म्हणत ते दोन्ही कानांवर हात ठेवायचे.

ते कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. कापसाची प्रत ठरवणाऱ्या माणसाकडे लोक संशयानेच पाहतात, आणि महाल भागातल्या आमच्या आकाशदर्शन मंडळातले लोकही काही वेगळे नव्हते. ताऱ्याच्या तेजालाही प्रतच म्हणतात हे मंडळात आल्यावर कळलं तेव्हा ते खुशीत आले होते. आकडा वाढला की तारा मंद, हे नव्या माणसाला पचत नाही. त्यांना लगेच पटलं. “बराबर हाय. पहिल्या प्रतीचा माल चौथीपेक्षा चांगलाच राहते.”

तेज बदलणारा तारा मोजायचा तर शेजारचे स्थिर प्रतीचे दोन तारे धरायचे, एक उजळ, एक मंद, आणि आपला तारा कोणाच्या किती जवळ आहे ते नजरेनं ठरवायचं. कापसाचा नमुना शेजारी ठेवून पाहावं तसं ते पाहायचे, नजर काढायचे, पुन्हा पाहायचे. आम्हाला कंटाळा यायचा.

मायावती नावाचा तारा दर तीनेक दिवसांनी काही तास मंदावतो. त्या हिवाळ्यात एका संध्याकाळी आठला ती सर्वांत मंद, तीन पूर्णांक चार प्रतीची होणार, असं मी, मंडळाचा चिटणीस, कोष्टकात पाहून सगळ्यांना सांगितलं. गच्चीवर आम्ही सहा जणांनी तीन पूर्णांक चार लिहिलं. तुम्ही असता तर तुम्हीही तेच लिहिलं असतं. कान झाकलेल्या या गृहस्थांनी लिहिलं दोन पूर्णांक एक.

“ती तं रोजच्यासारखीच हाय जी.”

“मग आम्ही सहा जण आंधळे का?” मी विचारलं. केंद्रावरही हे असंच करत असतील, असं कोणीतरी कुजबुजलं. मलाही तसंच वाटलं. मी त्यांची नोंद त्यांच्यादेखत खोडली. ते भांडले नाहीत, पण पुन्हा आलेही नाहीत.

महिन्याभरानं कोष्टकाखालची बारीक ओळ माझ्या नजरेस पडली. वेळ ग्रिनिचची होती. साडेपाच तास मिळवायला मी विसरलो होतो. मायावती मंदावणार होती ती रात्री दीडला. आठला ती चांगली लख्ख होती. मी त्या संध्याकाळी आकाश पाहिलंच नव्हतं, कोष्टक पाहिलं होतं. मला स्वतःची शरम वाटली.

तशीच सायकल काढून त्यांच्या खोलीवर गेलो. दाराला कुलूप होतं.

“ते गेले ना खाप्याले, तिथल्या कापसाच्या गोदामात,” घरमालकीणबाई म्हणाल्या. “ग्रेडरचं काम सोडलं त्यायनं. सोताच मागून घेतली बदली.”

“पण का?”

“म्हणे, सहा जणायले दिसते ते मले दिसत नाही. आता या डोळ्यानं कास्तकाराच्या मालाची प्रत कशी ठरवू?”