वच्छलाबाईंचा गिचका भात

फोन आला तेव्हा गॅसवर भात होता. चंद्रपूरकडच्या मूल गावाजवळ आमचं गाव, तिथून पुतण्या बोलत होता. "काकू, आई गेली... सकाळी चहा घेतला, खाटेवर टेकली, ते टेकलीच." मी नुसतं बरं म्हटलं. फोन ठेवला आणि तिथंच स्टुलावर बसून राहिले. किती वेळ गेला कोण जाणे, सुनेनं येऊन गॅस बंद केला, झाकण काढलं, तर पातेल्यात भाताचा एकच गोळा. "आई, भात गिचका झाला," ती म्हणाली. आणि मला, त्या तसल्या वेळी, हसू आलं. सून घाबरली. तिला वाटलं, मला धक्का बसला. धक्का नव्हता. माझ्या मोठ्या जाऊबाई, वच्छलाबाई, गेल्या आणि त्याच घटकेला माझा भात गिचका झाला, म्हणजे जाता जाता त्या माझ्या स्वयंपाकघरात डोकावून गेल्या, असंच मला वाटलं.

वच्छलाबाई वणीकडच्या. ज्वारी-कापसाच्या मुलखातल्या. त्यांच्या माहेरी भात सणाला व्हायचा, नाहीतर आजारी माणसाला. आमच्या झाडीपट्टीत धान, म्हणजे भाताचं पीक, हेच सगळं. कुणाच्या ताटात भाकर दिसली तर शेजारी विचारायचे, घरातले तांदूळ सरले काय? आणि भात कसा हवा, तर दाणा दाण्याला ओळख देणार नाही असा मोकळा. सुनेची परीक्षा त्यावरच. मी धानातच वाढलेली, मला ते आपसूक येत होतं. बाईंचा भात मात्र दर वेळी गिचका. पाणी कमी घातलं तरी गिचका, पेज काढली तरी गिचका. आमच्या सासूबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणत असू, झाकण काढून कपाळाला हात लावायच्या. "अवं वच्छले, बल्लारपूरच्या कारखान्यात बांबू शिजवून कागद करते म्हणते. तुया भात धाडला तं बांबू तोडाचं कामच नाई."

बाई उलट हसायच्या. "मंग धाडा जी आत्याबाई. पयल्या कागदावर मायंच नाव लिवा." त्यांचं हसणं ओसरीवर ऐकू जायचं. मी घुमी. घरात चार माणसं असली तर मला पाणी मागायचीही लाज वाटे. दोघी एका चुलीशी बसत असू, पण बोलण्याचं काम बाईंचं आणि ऐकण्याचं माझं. शेवटी एका दिवशी आत्याबाईंनी भाताचं पातेलं बाईंपुढून उचललं आणि सांगून टाकलं, "आजपासून भाताले हात लावाचा नाई. बाकी काई कर." त्या दिवशीही बाई हसल्या. पण झाडीच्या घरात भाताचं पातेलं काढून घेणं म्हणजे काय, ते मला कळत होतं. त्यांनाही कळलं असणारच.

स्वातंत्र्य येऊन पाच-सात वर्षं झाली असतील तेव्हाची ही गोष्ट. माझे यजमान बल्लारपूरला कामाला होते, सुटीला घरी येत. एकदा येताना त्यांनी तिथल्या बेकरीवाल्या रहीमचाचांकडचे गोल पाव आणले, आणि स्टेशनावर पाहिलेल्या कटलेटाची गोष्ट सांगितली. "चपटा वडा समज वहिनी. पावाच्या पोटात घालून देते. साहेब लोक उभ्याउभ्या खाते, पण कण खाली पडत नाई." त्यात खिमा असतो हे त्यांनी आवाज उतरवून सांगितलं, कारण आत्याबाईंच्या गळ्यात माळ होती. बाईंनी लगेच विचारलं, "अन् खिमा नाई घातला तं?" यजमान म्हणाले, "मी चाचाले विचारलं. ते म्हणे, मांस धरून ठेवते. भाजी काय धरून ठेवन?"

झालं. ते वाक्य बाईंच्या मनात रुतून बसलं. दुपारी आत्याबाई देवळात गेल्या की आमचे प्रयोग सुरू. पहिल्यांदा लाल कोहळं, म्हणजे लाल भोपळा, उकडून घेतलं. त्याला असं पाणी सुटलं की तव्यावर कटलेटाऐवजी शिराच झाला. मग बेसन घातलं. ते टिकलं, पण खाल्लं तर पिठल्याची वडी. मग लाखोरीची डाळ भिजवून, जाडीभरडी वाटून, तिच्यात बटाटा आणि वालाचे दाणे घातले. लसूण, हिरवी मिरची आणि मूठभर सांबार. सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. जवसाच्या तेलात ते पडलं की घरभर वास... पण उलथायला गेलं की उन्हाळ्यातल्या तळ्यासारख्या भेगा, आणि दोन तुकडे. हळूहळू आम्ही शिकलो. भाजी उकडली की फडक्यात घालून पिळायची. सारण गार होऊ द्यायचं. खालची बाजू लाल झाल्याशिवाय तव्याला हात लावायचा नाही. तरी तुटायचेच. ते तुकडे आम्ही दोघी चुलीमागं बसून खायचो. चव अशी उतरायची की तुटल्याचं वाईटही वाटत नसे. "पोटात जाऊन तुटतेच ना वं," बाई म्हणायच्या.

मग पौषात एका दुपारी आम्ही तांदूळ निवडत बसलो होतो. बाई मान वर न करता म्हणाल्या, "शेवंते, मी दिवाळीत माहेरी गेली ना, तवा बाबानं विचारलं, तुया हातचं खातेत का वं तिकडले लोक? मी सांगतलं, सारं घर मायाच हातचं खाते." सुपातला एक खडा त्यांनी उचलून फेकला. "अन् आता बाबा पटाले येऊन राह्यले."

पट म्हणजे बैलांच्या शर्यतीचा शंकरपट. आमच्या गावचा पट म्हणजे घराघरांत पाहुणे. नात्यातली माणसं बैलगाड्या जोडून येत आणि दोन दिवस राहत. बाईंचे बाबा लग्नानंतर पहिल्यांदाच लेकीच्या घरी जेवायला येणार होते. ताटात वाढलेला भात दुसऱ्याच्या हातचा, हे त्यांना कळलं असतं तर... बाईंना बोलण्याची भीती कधीच वाटली नाही, पण बाबांची मान खाली जाण्याची वाटत होती. "मी त्याइले कटलेट करून घालीन," त्या म्हणाल्या. "त्याइनं जन्मात खाल्लं नसन असं. मंग भाताकडं ध्यानच जाणार नाई." मी मान डोलावली. मनात मात्र म्हटलं, तुटले तर?

पटाच्या दिवशी सकाळपासून ओसरी भरली होती. बाईंचे बाबा आले. उंच, काळे, पांढऱ्या मिशांचे, डोक्याला लाल पागोटं. लेकीकडं पाहून नुसते हसले आणि दाजींच्या, म्हणजे बाईंच्या यजमानांच्या, बैलांविषयी बोलत बसले. रहीमचाचांचे पाव यजमानांनी आदल्या दिवशीच आणून ठेवले होते. आत चुलीच्या एका तोंडावर आत्याबाईंचा भात, दुसऱ्यावर बाईंचा तवा. पाहुण्यांना नव्या हंगामाचा तांदूळ घालायचा, हा आमच्याकडचा मान. आत्याबाईंनी त्याच दिवशी नव्या तांदळाची कोठी उघडली होती. पण हाताला सवय वर्षभराच्या जुन्या तांदळाची. नव्याला पाणी कमी लागतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी ओसरीवरून दोनदा हाक आली, कुणी पानं मागितली, कुणी तांब्या... आणि आत्याबाईंनी जुन्याच अंदाजानं पाणी ओतलं.

इकडे बाईंचं पहिलं कटलेट तव्यावर तुटलं. दुसरंही तुटलं. तिसऱ्याचे चार तुकडे झाले. मी बाईंच्या तोंडाकडं पाहू शकत नव्हते. तेवढ्यात आत्याबाईंनी भाताचं झाकण काढलं आणि तशाच उभ्या राहिल्या. एवढ्या मोठ्या पातेल्यात, ओसरीवर व्याही, आमच्या बोलीत इवाई, बसलेले असताना, गोळा! आत्याबाईंच्या हातचा भात गिचका झालेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

आणि नेमकी त्याच वेळी शेजारची गंगूबाई ताक मागायला दारात. गंगूबाईला दिसलं म्हणजे संध्याकाळपर्यंत गावाला दिसलं. तिनं मान लांब करून पातेल्यात पाहिलं. "काय वो बाई, आज तुमचा भात गिचका झाला?"

आत्याबाईंनी घाईनं पातेलं उचललं. बाई तव्यापुढून उठल्या, पातेलं आत्याबाईंच्या हातातून घेतलं आणि म्हणाल्या, "झाला नाई, केला. माया कटलेटाले असाच लागते. मीच म्हटलं आत्याबाईले, आज जरा गिचका करा." असं म्हणून त्यांनी गरम भाताचा मोठा गोळा काढून सरळ सारणात घातला आणि बोटं पोळत असताना मळायला घेतला.

गंगूबाई ताक घेऊन गेली. चुलीपाशी आम्ही तिघीच उरलो. बाईंनी तर गंगूबाईला गप्प करायला तसं म्हटलं होतं, पण हाताखालचं सारण एकाएकी बदललं. फुटत होतं ते धरू लागलं. त्यांनी एक चपटा वडा थापला, तव्यावर सोडला, आणि आम्ही तिघी वाकून पाहत राहिलो. खाली तांबूस कड आली. बाईंनी उलथनं घातलं... उलटला. सगळाच्या सगळा. आत्याबाई हळूच म्हणाल्या, "अवं, धरलं की वं!" मग त्यांनी स्वतः दुसरा भात टाकला, या वेळी पाणी नीट पाहून, आणि बाई कटलेट भाजत राहिल्या.

बाबांच्या हातात पाव दिला तेव्हा ते जरा बिचकले. पानात ठेवून फोडायला लागले. दाजी म्हणाले, "असं नाई मामा, हातात धरून खा." बाबांनी दोन्ही हातांनी धरून घास घेतला. आम्ही दाराआडून पाहत होतो. बाईंनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगडी रुतली. घास गेला, दुसरा गेला. खाली काही पडलं नाही. बाबांनी मिशी पुसली आणि विचारलं, "वच्छी, हे तू केलं?"

बाई उत्तर देणार, त्याआधी आत्याबाई दारात जाऊन उभ्या राहिल्या. "हो इवाईभाऊ. तिचंच हाये. सारं घर तिच्याच हातचं खाते."

अक्षर न् अक्षर तेच. आत्याबाईंना ते कसं ठाऊक, मी विचारलं नाही. तांदूळ निवडत होतो तेव्हा मागच्या पडवीत त्या झोपल्या होत्या म्हणे... झोपल्या नसाव्यात. बाबा म्हणाले, "मले सांगतलं होतं तिनं. मले वाटलं, बापाले बरं वाटावं म्हून बोलते." आणि त्यांनी आणखी एक पाव मागितला. बाई दाराआड पदर तोंडात कोंबून हसत होत्या. डोळ्यांत पाणीही होतं.

पाहुणे गेल्यावर दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी भाताचं पातेलं बाईंच्या पुढ्यात ठेवलं. "मी इवाईले बोलून बसली. आता मले खोटी नको पाडू. टाक भात." बाईंनी टाकला. गिचका झाला. आत्याबाईंनी तो निमूट खाल्ला. पुढं जन्मभर बाईंना मोकळा भात जमला नाही, आणि आत्याबाईंनी कागदाच्या कारखान्याचं नाव पुन्हा काढलं नाही. उलट कोणी पाहुणा ताटाकडं पाहू लागला की म्हणायच्या, "केला हाये तसा." पटाला मात्र दर वर्षी कटलेट. पुढं नातवंडं शहरात शिकली, सुटीत आली की ओरडायची, "मोठी आई, हे तर बर्गर!" बाई म्हणायच्या, "असन बाप्पा. पण तुमच्यावाल्यात भात असते का?"

सुतकात तळण करत नाहीत. तेरवी झाली, तरी मन होईना. परवा मात्र बाजारातून नवा तांदूळ आला. दुपारी सून बाहेर गेली होती. मी भाताला मुद्दाम पाणी वाढवलं. बटाटा, वालाचे दाणे, सांबार सगळं होतं. लाखोरीची डाळ आता चंद्रपुरात सहज मिळत नाही, मसूर घेतली. तव्यापुढं बसल्यावर आपसूक थोडी डावीकडं सरकले, उजवीकडं बाईंची जागा म्हणून.

सून आली, पातेल्याचं झाकण उचललं. "अरे... आई, आज पुन्हा भात गिचका झाला."

मी सहसा उलट बोलत नाही.

"झाला नाही," मी म्हटलं. "केला. बस, गरम आहे तोवर खा."