वरच्या कोपऱ्यातला लाल दिवा

मी संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. बायको म्हणते, माझ्यासमोर कुणी शिंकलं तरी मी विचारतो, आत्ताच का शिंकलात. त्यामुळे मास्तरांवर माझी नजर गेली यात नवल नव्हतं. नवल हे, की इतक्या उशिरा गेली.

मास्तर म्हणजे आमच्या मालवाहू कंपनीतले सगळ्यात जुने कॅप्टन. पार्सलं, औषधं, कधी कोंबडीची पिल्लं असा माल आम्ही रात्रभर इकडून तिकडे न्यायचो. निम्म्या वैमानिकांना त्यांनीच शिकवलेलं, मलाही, म्हणून मास्तर. खिशात कायम दोन पेनं, एक चाललं नाही तर दुसरं असावं म्हणून. कुणाचं चुकलं तर ओरडायचे नाहीत, फक्त चष्मा काढून पुसायचे. त्यापेक्षा ओरडलेले बरे, असं वाटायचं. निवृत्तीला चौदा महिने उरले होते.

त्यांना नाद एकच, रात्री कॉकपिटमधून फोटो काढायचा. तिथे स्टँड लावायला जागा नसते आणि विमान सतत थरथरत असतं, म्हणून कॅमेरा हातातच धरायचा. आतले दिवे ते अगदी मंद करत. काचेत यंत्रांवरच्या आकड्यांचं प्रतिबिंब पडू नये म्हणून डोक्यावरून काळं कापड घेत. ते कापड त्यांच्या बायकोच्या मोडक्या छत्रीचं. मग कोपर बरगडीला घट्ट दाबून, श्वास रोखून बटण दाबायचं. दहातला एखादा फोटो स्थिर यायचा. तेवढ्यावर स्वारी खूश. सहा वर्षं मी शेजारच्या खुर्चीत बसून हे कौतुकाने पाहिलं.

मग कौतुक संपलं. आधी एका फेरीत पाच-सहा फोटो निघायचे, तेही खाली मोठं शहर असलं किंवा लांब वीज चमकत असली तरच. आता दर दहा मिनिटांनी कापड डोक्यावर. बाहेर नुसता अंधार असला तरी फोटो. आणि उतरल्यावर गाडीत बसायच्या आत सगळे पुसून टाकायचे. काढायचे आणि पुसायचे? माझ्या मनात पाल चुकचुकली. आमच्या वाटेवर एक मोठं धरण होतं, दोन कारखाने होते. कुणाला तरी त्यांचे फोटो हवे असतील, मास्तर ते पोचवून मागचा पुरावा नाहीसा करत असतील, इथपर्यंत माझी मजल गेली. आपल्याच गुरूच्या पिशवीत मी एकदा डोकावलोसुद्धा. आत डबा, स्वेटर आणि बद्धकोष्ठाचं चूर्ण निघालं. लाज वाटली, पण संशय गेला नाही.

एका रात्री आम्ही परतत होतो. मास्तरांनी कापडातून डोकं बाहेर काढलं, कॅमेऱ्याच्या पडद्याकडे पाहिलं आणि ताडकन म्हणाले, "समोर, उजवीकडे वर विमान आहे. लाल दिवा."

मी काचेला नाक लावून पाहिलं. काही नव्हतं. आजूबाजूची विमानं दाखवणारा पडदा पाहिला, तोही रिकामा.

"कुठे आहे, सर?"

"अरे, तो काय."

त्यांचं बोट बाहेर होतं, डोळे मात्र मांडीवरच्या कॅमेऱ्यावर.

"द्या बघू इकडे," मी म्हणालो.

फोटोत वर उजव्या कोपऱ्यात लाल ठिपका होता. मी पडद्यावर आधीचा फोटो आणला. तो डावीकडच्या काचेतून घेतलेला, तरी ठिपका तिथेच. त्याच्या आधीच्यातही तिथेच. कॅमेरा जुना होऊन तापला की आतला एखादा कण बिघडतो आणि प्रत्येक फोटोत तसाच चमकत राहतो, हे मला मास्तरांनीच शिकवलं होतं. विमान नव्हतंच.

"सर," मी कॅमेरा माझ्याकडेच ठेवून म्हणालो, "डावीकडे खाली गाव दिसतंय. नदीच्या अलीकडे आहे की पलीकडे?"

त्यांनी बाहेर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. गाव एवढं लखलखत होतं की आंधळ्यालाही, असं मनात आलं आणि मी तिथेच थांबलो. मास्तरांनी चष्मा काढला आणि पुसला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पाच महिने. आतले आकडे दिसतात, ते उजळलेले असतात. बाहेरचं नाही दिसत. कॅमेऱ्याला दिसतं."

"आणि डॉक्टरांची तपासणी?"

"ती सकाळी दहाला असते. उजेडात."

मग एकदम सगळं जुळलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाच महिने ते रोज मला म्हणत होते, "उतरव तू." रोज. त्याने माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. मास्तर आता विमान माझ्याच हाती देतात, हे मी बायकोला किती वेळा ऐकवलं असेल. ती म्हणायची, "संशय नाही आला का रे तुला?" तेवढ्या एकाच गोष्टीचा मला कधी आला नव्हता.

त्या रात्रीही मीच उतरवलं. रागातच उतरवलं, तरी चाकं अलगद टेकली. इंजिनं बंद केली, दिवे लावले आणि मग मी त्यांना सोडलं नाही.

"वाटेत मला चक्कर आली असती तर? तर काय कॅमेऱ्याने उतरवणार होतात?"

त्यांनी काळ्या कापडाची घडी घालून ते पिशवीत ठेवलं.

"मला वाटायचं, तुमचा माझ्यावर विश्वास आहे."

"होता, म्हणून तर," ते हळूच म्हणाले. "पहिले तीन दिवस मी फक्त बघितलं, तुला जमतंय का. तुझं एकदा जरी चुकलं असतं ना, मी त्याच दिवशी घरी बसलो असतो. तुझं चुकलंच नाही."

मी इतकं नीट उतरवलं म्हणून हा माणूस पाच महिने अंधारात उडत राहिला. मला त्यांचा राग होता आणि त्यांच्यासाठी रडूही येत होतं.

"आज तुम्ही लिहून देता की मी देऊ?" मी विचारलं.

"मीच देतो. तू दिलंस तर तुला झोप नाही लागायची."

कार्यालयात पहाटेचा कारकून पेंगत होता. मास्तरांनी फॉर्म मागून घेतला आणि त्यांच्या त्या सुबक अक्षरात एकच ओळ लिहिली: मला रात्री दिसत नाही, आजपासून मला उड्डाण देऊ नये. खाली सही केली. शेजारी सहवैमानिकाची सही लागते, म्हणून कागद माझ्याकडे सरकवला आणि आपलं पेन दिलं.

मी दोनदा गिरवलं, पेन चाललं नाही. त्यांनी खिशातलं दुसरं काढून माझ्या हातात ठेवलं.