खुर्चीखालची खाच

धाकटीला झोपेत वस्तू उचलायची खोड होती. हाताने नाही हं. स्वप्नात ती नुसता तळहात उताणा करायची आणि कपाट जमिनीवरून अलगद सुटायचं, पाण्याचं पिंप खिडकीतून बाहेर तरंगत जायचं, कधी तर अख्खं घर भांड्याकुंड्यांसकट वर व्हायचं आणि समोरच्या गच्चीवर जाऊन टेकायचं. कपातला चहासुद्धा हिंदकळायचा नाही. सकाळी उठली की हाताला हलक्या मुंग्या आलेल्या असायच्या.

कामच तसं होतं तिचं. मोठमोठ्या पंपांची लोखंडी धूडं बनवणाऱ्या शेडमध्ये ती नऊ वर्षं साखळ्या बांधायची. धूड साखळीत नीट बसलं की मागे सरायचं आणि वर क्रेनवाल्याला हाताने दाखवायचं: घे, थांब, डावीकडे, सोड. क्रेनची केबिन छपराला टांगलेली, पाखराच्या घरट्यासारखी. छपराच्या काचांमधून दुपारी उजेडाच्या फळ्या खाली उतरायच्या, त्यांत धूळ पोहत असायची आणि त्या धुळीतून चार टनांचं लोखंड बिनआवाज सरकत जायचं. वर बघून बघून धाकटीची मान अशी झाली होती की रस्त्यातसुद्धा ती लोकांच्या डोक्यांवरून बघत चालायची. लोकांना वाटायचं, केवढी शिष्ट आहे. शिष्ट नव्हती. तिचं अर्धं चित्त कायम वर टांगलेलं असायचं, एवढंच.

तिचा थोरला भाऊ त्याच शेडमध्ये वेल्डर. शिकला सातवीपर्यंतच, पण त्याने जोडलेला सांधा आजवर सुटलेला नाही. खोटं वाटत असेल तर हातोडा घेऊन या. धाकटीला त्या शेडमध्ये त्यानेच चिकटवली आणि हे तो दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला सांगतोच.

जुना क्रेनवाला म्हातारा होऊन घरी बसला आणि वरची खुर्ची रिकामी झाली. साहेबांनी फळ्यावर लिहिलं, बाई असो बाप्या असो, ज्याला यायचं त्याने यावं. परीक्षा जुनीच. हुकाला काठोकाठ भरलेली बादली लावायची, शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायची आणि खडूच्या वर्तुळात ठेवायची. मग साहेब बादलीत पट्टी घालून पाणी किती सांडलं ते बोटांत मोजणार. तीन बाप्ये उभे राहिले आणि एकटी धाकटी.

बांबूने चार बोटं सांडलं. बांबू म्हणजे फिटरकडचा उंच गडी, दारातून येताना वाकून येतो म्हणून बांबू. दुसऱ्या दोघांनी त्याहून जास्त. धाकटी वर चढली तेव्हा थोरल्याने अर्ध्या शेडला सांगून ठेवलं होतं की आता बघा, थेंब सांडला तर मिशी काढीन.

अर्धी बादली सांडली.

खाली लेथवाल्यांना आंघोळ झाली. पाणी सांडलं त्यात काही तिची चूक नव्हती, पण ते कुणाला सांगणार? खुर्ची होती उंच माणसाच्या मापाची. धाकटी बसली कडेवर, अधांतरी, एक पाय लोंबकळत, क्रेन चालवायच्या डाव्या दांड्याला बोटांची नुसती टोकं पोचत होती. नऊ वर्षं स्वप्नात जे अलगद सरकत होतं, ते खरोखरीत धसमुसळं निघालं. खाली आली तेव्हा ती कुणाकडे बघत नव्हती. साहेब म्हणाले, संधी सगळ्यांना सारखी दिली, बादली तीच, खुर्ची तीच, अंतर तेच. बोलणं खोटंही नव्हतं. थोरल्याची मिशी अजून आहे; त्याचं म्हणणं, थेंबाचं बोललो होतो, अर्ध्या बादलीचं नाही.

आणि दोनच दिवसांनी वरच्या ऑफिसातून पत्र आलं. प्रत्येक शेडमध्ये निदान एक क्रेन बाईच्या हातात हवी. बाई तर एकच उभी राहिली होती. साहेबांनी पत्र धाकटीच्या हातात दिलं आणि सोमवारपर्यंत सही करा म्हणाले.

थोरला घरी पोचायच्या आधी चार घरांत सांगून आला. धाकटी मात्र पत्र उशीखाली ठेवून पडली. त्या रात्री स्वप्नात काहीच उचललं गेलं नाही. तिने तळहात उताणा केला, कपाट जागचं हललं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने ड्रिलवरच्या मावशीला सांगितलं की सही करावीशी वाटत नाही, परत परीक्षा मागावी म्हणते. मावशी काही नात्याची नव्हती. बावीस वर्षं लोखंडाला भोकं पाडत होती म्हणून सगळ्यांची मावशी. तिने मशीन बंद केलं. मशीन बंद करून बोलायची मावशीची ती पहिलीच वेळ.

"पोरी, मी पण एकदा विचारलं होतं, वर चढू का म्हणून. सगळे हसले, मीही हसले. तुला कागदाने चढवतायत, तर चढ. तू परीक्षा मागितलीस आणि हरलीस, तर पुन्हा वीस वर्षं आपल्यापैकी कुणाला कोणी विचारणार नाही. तुझ्या एकटीचं आहे का हे?"

मावशीचं खरं होतं. पण जेवणाच्या सुट्टीत पाय तिला आपोआप वर घेऊन गेले. केबिनमध्ये उन्हाने तापलेल्या रंगाचा वास. खाली शेड एखाद्या स्वच्छ तळ्याच्या तळासारखी दिसत होती, माणसं डबे उघडून बसलेली, आवाज वर येईपर्यंत विरून जाणारे. ती कडेवर बसली. हात नुसताच खुर्चीखाली गेला आणि बोटांना काहीतरी लागलं. लांबट खड्डा. दर दोन वर्षांनी मारलेल्या हिरव्या रंगाने बुजलेला. तिने नखाने खरवडलं. रंगाखाली रंग, त्याखाली गंज, आणि गंजाखाली सरळ, वीतभर लांब खाच.

खुर्ची सरकणारी होती. पहिल्यापासून. आजवर तिच्यावर बसले ते सगळे लांब टांगांचे, पुढे ओढायची गरज कुणाला पडली नाही, म्हणून सगळे समजून चालले की ती तिथेच रुजलेली आहे.

बोल्ट थोरल्याने सोडवले. आधी तेल पाजलं, मग पाना लावला, मग दात ओठ खाल्ले. दुसऱ्या कुणाच्या बापाला ते सुटले नसते. सोडवता सोडवता तो तिला समजावतही होता. "अगं येडे, आजवर ही खुर्चीच बाप्यांच्या बाजूने होती. आता एक कागद तुझ्या बाजूने आला तर बिघडलं कुठे?"

"बिघडलं काही नाही, दादा. पण वर बसून खाली बघितलं की मला दर वेळी ती अर्धी बादली दिसेल."

सोमवारी ती साहेबांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, खुर्ची पुढे घेऊन परत परीक्षा घ्या. साहेबांनी चष्मा काढून पुसला. "बाई, पत्र तुमच्या हातात आहे. मागे पडलात तर मला बांबूचं नाव लिहावं लागेल, आणि वर कळवावं लागेल की तुम्हीच नको म्हणालात."

"कळवा," धाकटी म्हणाली.

ती चढली. थोरला या वेळी मिशीबद्दल काही बोलला नाही. खुर्ची पुढे सरकली, पाय टेकले, दांडे दोन्ही मुठींत आले आणि बादली उचलली गेली. मग शेडमध्ये असं शांत झालं की मशीनच्या पट्ट्याची सळसळही ऐकू यायला लागली. बादलीतल्या पाण्यात छपराची काच उतरली होती. उजेडाचा तो चौकोन लेथवरून गेला, ड्रिलवरून गेला, मावशीच्या डोक्यावरून गेला, आणि धाकटीला कळेना आपण जाग्या आहोत की उशीवर. वर्तुळात बादली टेकली. साहेबांनी पट्टी घातली. दोन बोटं.

थोरल्याने आरोळी ठोकली. तेवढ्यात बांबू पुढे आला, जरा लाजत. म्हणाला, खुर्ची मागे पण जाते का? माझे गुडघे त्या दिवशी हनुवटीला लागत होते.

आता त्याला नाही कसं म्हणणार? खुर्ची मागे गेली. बांबूने पाय लांब केले. एक बोट सांडलं.

थोरल्याने बादली फुटकी आहे का ते तपासलं, पट्टी उलटी धरली का तेही विचारलं. धाकटीने त्याचा हात धरून त्याला बाजूला नेलं, आणि घडी घातलेलं पत्र साहेबांच्या टेबलावर ठेवलं. तिचे डोळे भरले होते, पण चेहरा कसा, तर पोटभर झोप झालेल्या माणसाचा. थोरल्याने आयुष्यात पुष्कळ जिंकलेले बघितलेत, हरून असं दिसणारं दुसरं माणूस नाही बघितलं.

मावशी आठ दिवस तिच्याशी बोलली नाही.

खुर्ची बांबूची झाली. पण क्रेनला सुट्टी नसते आणि बांबूला असते, म्हणून आठवड्यातला एक दिवस बदली म्हणून धाकटी वर जायला लागली. गेली की आधी बोल्ट ढिला करायचा, खुर्ची पुढे ओढायची. थोड्याच दिवसांत खाचेच्या कडेला रंग उडून दोन चकचकीत खुणा पडल्या, मागे बांबूची, पुढे तिची.

एका बदलीच्या दिवशी ती वर गेली, बोल्टाला हात घातला आणि थांबली. दोन खुणांच्या मधे तिसरी खूण होती. नवी, बारीक. आणि दांड्यावर पांढरट बोटं उमटली होती, ड्रिलवर भोकं पाडताना जे दुधासारखं पाणी सोडतात त्याची.

तिने खाली बघितलं. जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती. मावशी ड्रिलवर वाकलेली, मान खाली, जशी बावीस वर्षं. वर बघायचं नाव नाही. पण मोकळा हात तिने बाजूला केला, तळहात उताणा, आणि सावकाश उचलला. घे.

धाकटीने खुर्ची पुढे ओढून घेतली, आणि तिसऱ्या खुणेवरच्या गंजाला तेलाचा एक थेंब सोडला.