दिनानाथकाकांनी दाबलेलं ‘नाही’

दिवेआगरची कल्पिता गावाला एकाच गोष्टीवरून छेडायला सापडते: पगार. सुपारीची वाडी सांभाळते, दोन खोल्यांचं होमस्टे चालवते, आणि दुपारी पाहुणे पेंगले की ओटीवर लॅपटॉप उघडून जगभरच्या लिनक्सवाल्यांसाठी, म्हणजे ती फुकटची संगणकप्रणाली वापरणाऱ्यांसाठी, पॅकेज, म्हणजे मशीनवर आयतं बसवायचं सॉफ्टवेअरचं गाठोडं, बांधते. फुकट. बरं, बांधते तेही रिकामं.

रिकामं का, तेही ऐका. लिनक्समधलं बहुतेक सामान कुणीही घ्यावं, कुणालाही द्यावं असं. पण एका कंपनीचे देखणे मराठी फॉन्ट, म्हणजे छापायच्या अक्षरांची वळणं, तसे नव्हते. वापरा खुशाल, पैसे नकोत, पण न्यायचे आमच्याच दारातून, वाटायचे नाहीत. म्हणून कल्पिताच्या पॅकेजात फॉन्ट नाहीत, त्या दारापर्यंतची वाट आहे. पॅकेज आधी अटी दाखवतं, मान्य का विचारतं, होकार आला की तिकडून फॉन्ट आणून बसवतं. शेजारच्या माडाचा नारळ कुंपणाच्या अलीकडे पडला तरी कल्पिताच्या घरी तो उचलत नाहीत, शेजाऱ्याला हाक मारतात. तिला यात काही नवल वाटलं नाही.

तर लग्नपत्रिका छापणारे दिनानाथकाका. त्यांच्या दुकानात लिनक्स घातलं कल्पितानेच. यंदा त्यांच्याच लेकीचं, अमिषाचं, लग्न निघालं, आणि पहिली पत्रिका मंगळवारी ग्रामदेवतेपुढे ठेवायची होती. शनिवारी काकांनी त्या फॉन्टसाठी कल्पिताचं पॅकेज बसवलं. बसलं, पण फॉन्ट एकही नाही. सोमवार उजाडेपर्यंत बाजारभर झालं की कल्पिताच्या फुकट्या कारभाराने पोरीची पत्रिका अडवली.

ती दुकानात पोचली तेव्हा काकांचा भाचा भावेश पेनड्राइव्ह नाचवत बसला होता. “ताई, माझ्याकडे हायत ते फॉन्ट. दोन मिन्टांचं काम.”

कल्पिताची नजर तिकडे गेली. मोह झाला तिला, नाही कशाला म्हणू. समोर अमिषाने पत्रिकेसाठी निवडलेल्या अक्षरवळणाचा नमुना होता. बाहेर सुरूच्या बनातून वारा येत होता, आणि तिला उगीच वाटलं, ती अक्षरं कुठेतरी दूर, शिडं उतरवून, बोलावण्याची वाट बघत उभी आहेत. कोण थांबवतंय त्यांना? म्हणून तिने मशीनच्या आठवणीत, शनिवारच्या नोंदींत, डोकावलं.

“काका, तुम्ही ‘नाही’ दाबलंत?”

“दाबलं ना. चार पानं इंग्रजी. न वाचता हो म्हणणं म्हणजे कोऱ्या कागदावर सही.”

“मग परत नाही विचारलं त्याने?”

“नाही म्हटल्यावर सभ्य माणूस परत विचारतो का?”

पॅकेज नकार लक्षात ठेवतं, पुन्हा छळत नाही. ही सभ्यता कल्पितानेच त्यात घातलेली. ती हसली, स्टूल ओढून बसली आणि चारही पानं मराठीत करून सांगू लागली. काका पोथी ऐकावी तसे डोळे मिटून. ‘दुसऱ्याला प्रत देऊ नये’ आलं तेव्हा त्यांनी एकच डोळा उघडून भाच्याकडे पाहिलं. पेनड्राइव्ह खिशात गेला.

मग तिने पॅकेजला पुन्हा विचारायला लावलं. काकांनी स्वतःच्या बोटाने ‘हो’ दाबलं. फॉन्ट उतरत असल्याची रेघ हळूहळू भरत गेली, भरती वाळूवर चढते तशी, आणि मग पडद्यावर अमिषाचं नाव उमटलं, वेलांटीला हवा तो बाक घेऊन. काका बराच वेळ बघत राहिले. छापायचं विसरूनच गेले होते.

मंगळवारी पत्रिका देवीपुढे होती. कल्पिताच्या पॅकेजात हल्ली प्रश्न मराठीतही येतो, आणि नकार दिलात तर मन बदलायचं कसं, तेही खाली लिहिलेलं असतं. पगार अजून नाही.