माकोपानोच्या गडग्याचं खिंडार

बिअर प्यायला सगळ्यांच्या पुढे आणि दगड उचलायला सगळ्यांच्या मागे, अशी आमच्या गावातल्या पुरुषांची तऱ्हा. माकोपानोला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण करते काय? नवरा वारलेला, घरात ऐंशीची सासू, आणि मार्चच्या पावसात परसबागेचा गडगा ढासळून बैल आडवा जाईल एवढं खिंडार पडलेलं. धोंडे घरंगळत पार ओढ्यात गेले होते. म्हणून रिवाजाप्रमाणे तिनं गावाला कामाला बोलावलं. तीन दिवस राबून ज्वारीची बिअर केली.

आम्ही विषुववृत्ताच्या खालचे, आमचा हिवाळा मे ते ऑगस्ट; आणि ती परसबाग म्हणजे तिचा सगळा हिवाळा. एप्रिलमध्ये भोपळ्याचे वाळके वेल उपटून तिनं वाफ्यांत चुलीची राख आणि शेण कालवलं. लसणाच्या पाकळ्या टोचल्या, कांद्याची रोपं लावली, वाटाणा पेरला, मोहरीच्या जातीची पालेभाजी लावली. दंव पडलं की ती भाजी गोड होते. जून-जुलैत डोंगर पांढरे झाले की मक्याच्या घाट्याबरोबर तोंडी लावायला दुसरं काय असतं? सासूच्या तोंडात एकही दात नाही. तिला तो पालाच शिजवून लागतो.

ठरल्या दिवशी दहा-बारा जण आले. म्होरक्या तिचाच दीर, तुमो. गाणी म्हटली, कंबरा कसल्या, ओढ्यात डोकावून पाहिलं आणि धोंडे फार जड आहेत असं सगळ्यांचं एकमत झालं. मग या शहाण्यांनी काय करावं? शेतातून मक्याच्या कडब्याच्या पेंढ्या आणल्या आणि खिंडारात ठासून बांधल्या. बांधल्या मात्र सुरेख, तेवढं म्हणायला हवं. ती म्हणाली, अरे, गुरांना अडवायला गुरांचाच चारा? तुमो म्हणाला, "वहिनी, गुरं मोकळी सुटायला अजून पंधरा दिवस आहेत. तोवर दगड आणतो की." आणि मडकं रिकामं करून मंडळी गेली. पुन्हा कोणी फिरकलं नाही.

आमच्याकडे कापणी आटोपली की मुखिया दवंडी पिटतो आणि त्या दिवसापासून रानातल्या शेतांत कोणाचीही गुरं चरतात. परसबाग तेवढी वगळायची, पण कुंपण धड असलं तरच. या वर्षी मुखिया लेकेनाचा स्वतःचा मका लवकर घरात आला. झालं! पंधरा दिवस कसले, पाचव्या दिवशीच दवंडी. दुसऱ्यांची कणसं अजून ताटांवर होती, त्यांचं काय? पण बोलणार कोण?

दुसऱ्या दिवशी माकोपानो झऱ्यावरून पाणी घेऊन आली, तर खिंडारात एक काडी शिल्लक नव्हती. मुखियाच्या सात गाई आत. आधी कुंपण खाल्लं, मग भाजी, मग वाटाणा. कांद्याचे वाफे खुरांनी पार चिखल झालेले. तिनं पाण्याची बादली खाली ठेवली. खांद्यावरची घोंगडी घट्ट आवळली, हातात काठी घेतली आणि खिंडारात उभी राहिली. आता एकही गाय बाहेर जाणार नव्हती.

नुकसान करणारी गुरं कोंडून मुखियाकडे तक्रार न्यायची, हा आमचा कायदा. पण गुरंच मुखियाची असली तर? ती तशीच उभी राहिली. दुपार टळली. धारांची वेळ झाली, तिकडे गोठ्यात वासरं हंबरू लागली. तेव्हा लेकेना आला, मागे तुमो आणि तीच सगळी बिअरबहाद्दर मंडळी.

लेकेनानं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बाकीच्यांकडे वळून म्हणाला, "कडब्याला कुंपण कोण म्हणतं रे? ही तर माझ्या गाईंना वाढलेली पंगत." सगळे हसले. ज्यांनी त्या पेंढ्या बांधल्या तेही हसले! लाज कशी वाटली नाही मेल्यांना?

मुखियाला आम्ही मानानं मोरेना म्हणतो. माकोपानो शांतपणे म्हणाली, "कुंपण नाहीच म्हणता ना, मोरेना? मग बोलवा की तुमच्या गाईंना. येतील."

मुखियानं हाक मारली. गाई आल्या, काठीसमोर थांबल्या.

"हे कुंपण खाऊन दाखवा म्हणावं," ती म्हणाली. "आज आहे, उद्या आहे. माझी सासू हिवाळाभर काय खाणार ते सांगा, मग मी हलते."

हसू विरलं. वासरं हंबरतच होती. तुमोनं मान खाली घातली आणि ओढ्याकडे उतरला. पहिला धोंडा त्यानं आणला, मग एकेक करून बाकीचे गेले. अंधार पडायच्या आत गडगा छातीइतका उभा राहिला. या वेळी बिअर नव्हती, गाणीही नव्हती. आणि मग त्या माणसांसमोर मुखियाला बोलावंच लागलं. तिची बाग उभी राहीपर्यंत तिनं त्याच्या बागेतली भाजी न्यावी, असं तो म्हणाला, तेही दात-ओठ खात.

कांदा, वाटाणा पुन्हा लावायची वेळ निघून गेली होती. लसूण तेवढा खुरांच्या खड्ड्यांतून वर आला. पण बर्फ असो की वारा, रोज संध्याकाळी माकोपानो मुखियाच्या अंगणातून, त्याच्या बायकोच्या डोळ्यांदेखत, ओटीभर पाला तोडून न्यायची. कोवळा कोवळा बघून, सासूसाठी. आणि जाताना त्याच्या बागेचं फाटक न चुकता लावून जायची.